जोसेफ मायकेल गँडी

जोसेफ मायकेल गँडी (इ.स. १७७१ – डिसेंबर, इ.स. १८४३) हे इंग्रज वास्तुविशारद, चित्रकार आणि वास्तुकलेवरील लेखक होते. इमारतींची, विशेषतः त्यांच्या अंतर्भागांची, जलरंगातील यथार्थदर्शी चित्रे ही त्यांची मुख्य ओळख आहे. बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद सर जॉन सोन यांच्यासाठी त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ अशी चित्रे काढली. दालनात बाहेरून उतरणारा दिवसाचा उजेड आणि आतली सावली किंवा दिव्याचा प्रकाश यांचा मेळ एकाच कागदावर साधणे हे त्यांच्या कलेचे वैशिष्ट्य मानले जाते. सोन यांच्या अनेक वास्तू पुढे पाडल्या गेल्या. त्या दालनांतील रंग आणि प्रकाश कसा असेल याची कल्पना आज प्रामुख्याने गँडी यांच्या चित्रांवरूनच करता येते. स्वतः गँडी यांना मात्र हयातीत स्थैर्य लाभले नाही. दोनदा कर्जापायी तुरुंगवास भोगून अखेरीस त्यांचा एका मनोरुग्णालयात मृत्यू झाला.

बालपण व शिक्षण

गँडी यांचा जन्म इ.स. १७७१ मध्ये झाला. त्यांचे वडील लंडनमधील 'व्हाइट्स' या उमरावांच्या क्लबमध्ये नोकरीस होते. क्लबचे चालक जॉन मार्टिनडेल यांच्या पाहण्यात या मुलाची रेखाटने आली आणि त्यांनी ती त्या काळातील नामांकित वास्तुविशारद जेम्स वायट यांना दाखविली. वायट यांनी गँडी यांना आपल्या कार्यालयात शिकाऊ म्हणून घेतले. वायट हे अभिजात ग्रीक-रोमन आणि गॉथिक या दोन्ही शैलींत काम करीत, त्यामुळे गँडी यांना दोहोंचा परिचय लहान वयातच झाला.

इ.स. १७८९ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल अकादमीच्या विद्यालयात प्रवेश घेतला. पुढच्याच वर्षी, विजयी कमानीच्या आराखड्यासाठी, त्यांना अकादमीचे सुवर्णपदक मिळाले. मायकेल आणि जॉन पीटर हे त्यांचे दोघे धाकटे भाऊही वास्तुविशारद झाले. त्यांपैकी मायकेल यांनी काही काळ भारतीय नौदल सेवेत राहून हिंदुस्थान व चीनमध्ये काम केले.

रोममधील वास्तव्य

मार्टिनडेल यांच्या आर्थिक साहाय्याने गँडी इ.स. १७९४ मध्ये चार्ल्स हीथकोट टॅथम या तरुण वास्तुविशारदाबरोबर इटलीला गेले. प्राचीन अवशेष प्रत्यक्ष पाहून त्यांची मोजमापे व रेखाटने करणे हा त्या काळी वास्तुविशारदाच्या शिक्षणाचा शेवटचा टप्पा समजला जाई. रोममधील सेंट ल्यूक अकादमीच्या स्पर्धेत समाधिमंदिराच्या आराखड्याबद्दल त्यांना इ.स. १७९५ मध्ये विशेष पदक मिळाले.

रोममध्ये असताना त्यांना वरून येणाऱ्या प्रकाशाची प्राचीन उदाहरणे जवळून पाहता आली. पँथिऑन या मंदिराच्या घुमटाला मध्यभागी एक मोठे गोल छिद्र असून त्या प्रचंड दालनाला भिंतींत एकही खिडकी नाही. त्या छिद्रातून येणारा उन्हाचा कवडसा दिवसभर आतल्या भिंतीवरून व फरशीवरून सरकत राहतो. रोमन स्नानगृहांच्या आणि भूमिगत दफनगृहांच्या अवशेषांतही उजेड असाच थोडा, वरून आणि तिरपा येतो. पुढील आयुष्यातील त्यांच्या चित्रांत वरून पडणारा प्रकाश आणि भोवतालचा अंधार हा विषय पुन्हा पुन्हा येतो.

हे वास्तव्य दीर्घकाळ टिकले नाही. फ्रेंच सैन्य इटलीत शिरले आणि त्याच सुमारास मार्टिनडेल यांचे दिवाळे निघाले. आश्रयदाता गमावलेले गँडी इ.स. १७९७ मध्ये लंडनला परतले. युद्धामुळे इंग्लंडमध्ये बांधकामे मंदावली होती व नवोदित वास्तुविशारदाला स्वतंत्र काम मिळणे कठीण होते.

सोन यांच्या कार्यालयात

इ.स. १७९८ मध्ये गँडी हे जॉन सोन (इ.स. १७५३ – इ.स. १८३७) यांच्या कार्यालयात नोकरीस लागले. सोन हे इ.स. १७८८ पासून बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद होते. गँडी यांनी तेथे इ.स. १८०१ पर्यंत नोकरी केली आणि नंतर स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. तरीही सोन यांच्या महत्त्वाच्या आराखड्यांची चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडेच राहिले.

या दोघांचे नाते समजण्यासाठी बँकेच्या इमारतीची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. इ.स. १७८० च्या गॉर्डन दंगलीत जमाव बँकेवर चालून गेला होता. तेव्हापासून बँकेच्या सुरक्षेला सर्वाधिक महत्त्व आले. सोन यांनी बँकेभोवती जी भिंत उभारली तिला रस्त्याच्या बाजूने खिडक्या नव्हत्या. साहजिकच आतील दालनांना उजेड मिळण्याचे दोनच मार्ग उरले, आतले चौक आणि छत. सोन यांनी दालनांच्या छतांवर काचेचे मनोरे उभारले, कमानींच्या वरच्या भागात अर्धवर्तुळाकार खिडक्या ठेवल्या आणि प्रकाशाचा उगम खाली उभ्या असलेल्या माणसाला सहसा दिसणार नाही अशी योजना केली.

सोन यांचा अशा गूढ प्रकाशाविषयीचा ओढा फ्रेंच वास्तुविचारातून आला होता. ले कामू द मेझिएर या फ्रेंच वास्तुविशारदाचा इ.स. १७८० मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांनी अभ्यासला होता व त्याच्या काही भागांचे स्वतःसाठी भाषांतरही केले होते. प्रत्येक दालनाची स्वतःची वृत्ती असते आणि ती घडविण्यात प्रकाशाचा वाटा मोठा असतो, असा त्या ग्रंथाचा आशय आहे. मात्र हा गुण नकाशात किंवा छेदचित्रात दाखविता येत नाही. खिडकी किती रुंद आहे हे नकाशा सांगतो. त्या खिडकीतून येणारा उजेड कोठवर पोहोचेल, कोणत्या कमानीच्या पोटाला तो परतून लागेल आणि कोणता कोपरा अंधारात राहील, हे तो सांगत नाही. ती उणीव गँडी यांच्या चित्रांनी भरून काढली.

प्रकाशसंतुलनाचा प्रश्न

इमारतीचा अंतर्भाग रंगविणाऱ्या चित्रकारापुढे एक मूलभूत अडचण असते. स्वच्छ दिवशी बाहेरचा उजेड आतल्या उजेडाच्या अनेक पटींनी प्रखर असतो. मनुष्याची नजर खिडकीकडे वळली की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि सावलीकडे वळली की विस्फारते. त्यामुळे प्रत्यक्ष दालनात उभ्या असलेल्या माणसाला खिडकीबाहेरचे आकाश आणि कोपऱ्यातील कोरीवकाम अशी दोन्ही आलटून पालटून स्पष्ट दिसतात. चित्रकाराजवळ मात्र एकच कागद असतो. जलरंगात सर्वांत तेजस्वी छटा म्हणजे न रंगविलेला कोरा कागद. त्याहून उजळ काही दाखविता येत नाही आणि गडद छटांनाही मर्यादा असते. निसर्गातील उजेड-सावलीचे प्रचंड अंतर या तोकड्या पल्ल्यात बसवावे लागते.

खिडकीबाहेरचे दृश्य रेखीव दाखवावे, तर खिडकीलाही रंग द्यावा लागतो. मग त्या मानाने खोली अधिक काळवंडते आणि वास्तुविशारदाने योजलेले तपशील बुडून जातात. खोली सर्वत्र सारख्या उजेडात दाखविली, तर तपशील दिसतात खरे, पण खिडकीतून प्रकाश येतो आहे हेच पाहणाऱ्याला पटत नाही. अनेक सामान्य वास्तुचित्रांत हा दुसरा दोष आढळतो.

गँडी यांच्या चित्रांत या प्रश्नाची काही ठरावीक उत्तरे दिसतात. एक म्हणजे प्रकाशाचा उगम चौकटीबाहेर किंवा कमानीमागे ठेवणे. सोन यांची वरून उजेड घेण्याची पद्धत याला अनुकूलच होती. उगम दिसत नसल्याने कोरा कागद खिडकीवर खर्ची पडत नाही. तो उजेड जेथे पडतो त्या भिंतीसाठी व फरशीसाठी राखून ठेवता येतो. दुसरे म्हणजे विशिष्ट वेळ निवडणे. मध्यान्हीच्या सपाट उजेडापेक्षा कललेल्या सूर्याचे तिरपे किरण त्यांना अधिक उपयोगी पडतात, कारण ते दालनाचा एक भाग उजळून दुसरा सावलीत ठेवतात आणि त्यामुळे खोलीची खोली व उंची जाणवते. तिसरे म्हणजे सावली पूर्ण काळी न ठेवणे. फरशीवर पडलेला उजेड परतून घुमटाच्या आतल्या बाजूस मंद उजळतो. पातळ रंगाचे थर एकावर एक देऊन अशा परावर्तित छटा दाखविल्याने सावलीतील नक्षीही वाचता येते. दालनात जागोजागी काढलेल्या लहान मानवाकृती प्रमाण तर सांगतातच, शिवाय त्यांच्या सावल्यांवरून प्रकाशाची दिशाही समजते.

निवडक चित्रे

गँडी यांनी सोन यांच्याकडे काम सुरू केले त्याच वर्षी, म्हणजे इ.स. १७९८ मध्ये, सोन यांच्या लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स येथील १२ क्रमांकाच्या घरातील न्याहारीच्या खोलीचे चित्र काढले. त्यात सोन दांपत्य आणि त्यांचे दोन मुलगे दिसतात. या खोलीचे छत वेलींच्या मांडवासारखे रंगविलेले होते. खिडकीतून येणारा सकाळचा उजेड त्या रंगविलेल्या मांडवाखाली पसरतो आणि आपण घरात आहोत की अंगणात, असा गोड संभ्रम निर्माण होतो.

इ.स. १७९९ मधील बँकेच्या कन्सोल्स ट्रान्सफर ऑफिसच्या चित्रात वरच्या काचांतून उतरणारा प्रकाश कमानींवर पसरलेला आहे. कर्जरोख्यांच्या नोंदी ठेवण्याचे हे कचेरीवजा दालन चित्रात एखाद्या रोमन स्नानगृहासारखे भव्य भासते.

सोन यांनी पुढे शेजारचे १३ क्रमांकाचे घर नव्याने बांधले व त्यात प्राचीन शिल्पांचा संग्रह मांडला. त्याच्या घुमटाखालील भागाचे इ.स. १८११ मधील चित्र रात्रीचे आहे. येथे बाहेरचा उजेड अजिबात नाही. लपलेल्या दिव्याचा प्रकाश खालून वर जातो, त्यामुळे शिल्पांच्या सावल्या भिंतीवर मोठ्या होऊन पडतात. दिवसा वरून येणाऱ्या उजेडाने सौम्य दिसणारी जागा रात्री किती वेगळी होते हे हे चित्र दाखविते.

इ.स. १८१५ मध्ये प्रदर्शित झालेले 'मर्लिनची समाधी' हे चित्र सोन यांच्या इमारतीचे नसून इटालियन कवी आरिओस्तो याच्या काव्यातील प्रसंगावर आधारलेले आहे. त्यात दालनाला बाहेरून उजेड नाही आणि दिवाही नाही. समाधीच स्वयंप्रकाशित असून तिचे तेज सभोवतालच्या कोरीव कमानींवर पडते.

इ.स. १८१८ च्या एका चित्रात सोन यांनी इ.स. १७८० ते १८१५ या काळात बांधलेल्या सार्वजनिक व खासगी इमारती लहान प्रतिकृतींच्या रूपाने एकाच दालनात रचलेल्या दाखविल्या आहेत. त्या साऱ्यांना एका दिव्याचा प्रकाश मिळतो. चित्राच्या पुढच्या भागात मेजाशी बसलेली एक अगदी लहान व्यक्ती आहे. ती सोन आहे की गँडी, याविषयी अभ्यासकांनी निरनिराळे तर्क केले आहेत.

बँकेची त्यांनी काढलेली दोन चित्रे सर्वाधिक परिचित आहेत. पहिल्यात नुकतेच बांधून झालेले बँकेचे वर्तुळाकार दालन भविष्यकाळातील भग्नावस्थेत दाखविले आहे. ते इ.स. १७९८ चे असून इ.स. १८३२ मध्ये प्रदर्शित झाले. दुसऱ्यात, इ.स. १८३० मध्ये प्रदर्शित झालेल्या विहंगम दृश्यात, संपूर्ण बँक छते काढून टाकल्यासारखी दिसते. हे भग्नावशेष आहेत की छेददृश्य, हे चित्रकाराने संदिग्ध ठेवले आहे. जी दालने एरवी छतावरच्या काचांतून मोजून-मापून उजेड घेत, ती येथे वादळी आकाशाखाली उघडी पडली असून ढगांतून आलेले ऊन थेट त्यांच्या आत पडते. आतला आणि बाहेरचा प्रकाश यांतील सीमारेषाच या चित्रात पुसली गेली आहे.

वास्तुविशारद व लेखक

गँडी यांनी प्रत्यक्ष बांधलेल्या इमारती मोजक्या आहेत. बाथ येथे टॉमस बार्कर या चित्रकारासाठी बांधलेले 'डोरिक हाउस', लंडनमधील चेरिंग क्रॉस येथील फीनिक्स विमा कंपनीचे कार्यालय (इ.स. १८०४–०५) आणि लिव्हरपूलचे व्यापारी जॉन बोल्टन यांच्यासाठी विंडरमिअर सरोवराकाठी बांधलेले 'स्टॉर्स हॉल' (इ.स. १८०८ पासून) ही त्यांतील प्रमुख होत. बोल्टन यांच्या संपत्तीचा मोठा भाग गुलामांच्या व्यापारातून आलेला होता. इ.स. १८०९ च्या सुमारास गँडी लिव्हरपूलला गेले व जॉर्ज बुलक या शिल्पकाराबरोबर त्यांनी भागीदारी केली, पण ती लवकरच संपुष्टात आली.

इ.स. १८०५ मध्ये त्यांची ग्रामीण घरांच्या आराखड्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांतील अलंकारविरहित, साध्या भौमितिक आकारांची घरे आजच्या वाचकालाही आधुनिक वाटतात. भव्य दृश्यांच्या चित्रकाराने शेतमजुरांच्या झोपड्यांचा विचार करावा, ही त्यांच्या व्यक्तिमत्त्वाची दुसरी बाजू होय. पुढे त्यांनी वास्तुकलेच्या उत्पत्तीचा आणि सर्व संस्कृतींतील वास्तुप्रकारांचा वेध घेणारे विस्तृत लेखन हाती घेतले. 'तुलनात्मक वास्तुकला' हे इ.स. १८३६ मध्ये प्रदर्शित झालेले चित्र त्याच विचारातून साकारले. त्या लेखनाचा मोठा भाग अप्रकाशित राहिला.

अकादमी आणि आर्थिक विपत्ती

इ.स. १७८९ ते १८३८ या काळात रॉयल अकादमीच्या प्रदर्शनांत गँडी यांची शंभराहून अधिक चित्रे मांडली गेली. इ.स. १८०३ मध्ये ते अकादमीचे सहसदस्य झाले. पूर्ण सदस्यत्व मात्र त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. त्यांचे बंधू जॉन पीटर यांना ते इ.स. १८३८ मध्ये मिळाले, हे येथे नोंदविण्याजोगे आहे.

इ.स. १८०१ मध्ये गँडी यांचा विवाह झाला व पुढे त्यांचे कुटुंब मोठे झाले. इमारतींची कामे कमी आणि चित्रांना ग्राहकही कमी, अशी त्यांची स्थिती होती. वास्तुचित्र हे स्वतंत्र कलाकृती म्हणून विकत घेण्याची रीत तेव्हा फारशी रूढ नव्हती. आराखडा ज्याचा, चित्र त्याचेच समजले जाई. सोन यांच्या नावाखाली प्रदर्शित झालेल्या अनेक चित्रांत हात गँडी यांचा असे, पण मान आराखड्याच्या कर्त्याला मिळे. सोन त्यांना कामे देत व वेळोवेळी आर्थिक मदतही करीत. तरीही कर्जापायी त्यांना दोनदा तुरुंगात जावे लागले.

अखेर

इ.स. १८३७ मध्ये सोन यांचे निधन झाले आणि गँडी यांचा मुख्य आधार नाहीसा झाला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी अकादमीत शेवटचे चित्र मांडले. त्यानंतर त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले व कुटुंबीयांनी त्यांना डेव्हन परगण्यातील प्लिम्प्टन येथील मनोरुग्णालयात ठेवले. ज्या अकादमीने त्यांना पूर्ण सदस्यत्व दिले नाही, तिचे पहिले अध्यक्ष सर जोशुआ रेनल्ड्स यांचे प्लिम्प्टन हेच जन्मगाव होय. डिसेंबर, इ.स. १८४३ मध्ये गँडी यांचा तेथेच मृत्यू झाला.

वारसा

मृत्यूनंतर गँडी यांचे नाव जवळजवळ शंभर वर्षे विस्मृतीत होते. सोन यांनी आपले घर व संग्रह इ.स. १८३३ च्या कायद्यान्वये राष्ट्राच्या स्वाधीन केला होता. त्यामुळे गँडी यांची चित्रे विखुरली न जाता लंडनच्या सोन संग्रहालयात सुरक्षित राहिली. या संग्रहालयाचे अभिरक्षक सर जॉन समरसन यांनी इ.स. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात गँडी यांच्यावर लिहिले आणि अभ्यासकांचे लक्ष पुन्हा त्यांच्याकडे वळले. ब्रायन लुकाकर यांनी लिहिलेले त्यांचे विस्तृत चरित्र इ.स. २००६ मध्ये प्रकाशित झाले.

दरम्यान, ज्या दालनांची ही चित्रे होती ती नाहीशी झाली. इ.स. १९२० च्या दशकात बँकेच्या पुनर्बांधणीचे काम सर हर्बर्ट बेकर यांच्याकडे सोपविण्यात आले. नवी दिल्लीतील सचिवालयाच्या दोन इमारती उभारणारे वास्तुविशारद हेच. पुनर्बांधणीत बाहेरची भिंत बव्हंशी राखण्यात आली, आतील दालने मात्र पाडण्यात आली. पाडण्यापूर्वी घेतलेली छायाचित्रे उपलब्ध आहेत व त्यांवरून दालनांचे आकार समजतात. पण ती कृष्णधवल आहेत. त्या दालनांत उजेडाचा रंग कोणता असावा असे सोन यांच्या मनात होते, हे जाणण्यासाठी गँडी यांच्या जलरंगांकडेच वळावे लागते. त्यातही एक सावधगिरी आवश्यक आहे. ही चित्रे वास्तूची नोंद असतात तशीच तिची शिफारसही असतात. लंडनच्या धुरकट हवेत बँकेच्या लेखनिकांना रोज असा सोनेरी कवडसा लाभत असेल असे मानण्याचे कारण नाही.

आज वास्तूंच्या अंतर्भागांची चित्रे मुख्यतः संगणकावर तयार होतात. प्रकाशकिरणांचा मार्ग यंत्र मोजते, पण प्रश्न बदललेला नाही. खिडकीबाहेरचे आकाश पांढरे फटक होऊ न देता खोली उजळ कशी ठेवावी, दिव्याचा पिवळसर प्रकाश व बाहेरचा निळसर उजेड यांचा मेळ कसा घालावा आणि कोणता कोपरा अंधारात सोडून द्यावा, हे निर्णय आजही चित्र करणाऱ्यालाच घ्यावे लागतात. हेच निर्णय गँडी यांनी दोनशे वर्षांपूर्वी ब्रश आणि पाण्याच्या साहाय्याने घेतले होते. त्यांची चित्रे सोन संग्रहालयाखेरीज लंडनमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आणि टेट यांच्या संग्रहांतही आहेत.